ब्रिटनमध्ये दुचाकी रस्त्यावर लावताना

लंडनमध्ये मी बरीच वर्षं रोज मोटरसायकलनं कामावर जातो. नवीन आलेली आपली मुलं-मुली गाडी घेतली की मला दोनच गोष्टी विचारतात: चोरीला जाऊ नये म्हणून काय करू, आणि दंड बसू नये म्हणून काय करू? दोन्हींची उत्तरं एकाच जागी मिळतील असं नाही. जिथं गाडी सुरक्षित वाटते, म्हणजे घराच्या दारात, दुकानाच्या भिंतीला खेटून किंवा सायकलींच्या कड्यांना बांधून, तिथंच बहुतेक वेळा ती लावायला मनाई असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी जागा कायदेशीर आहे का ते बघायचं, मग कुलपाचा विचार करायचा.

इथं तोंडी काही नसतं. ‘पाचच मिनिटं, इथं उभी करतो’ असं कुणाला सांगून ठेवण्याची सोय नाही. वॉर्डननं एकदा नोटीस काढली की तो ती जागेवर मागे घेत नाही, त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. जे काही आहे ते लिहिलेलं असतं: खांबावरच्या पाटीवर, रस्त्यावरच्या रंगात आणि तुमच्या गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदणीच्या कागदात. या तीन ठिकाणचं नीट वाचलं तर दंडाची वेळ क्वचितच येते.

पाटीपासून सुरुवात करतो. दुचाकींच्या जागेवर रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सोलो मोटरसायकल्स ओन्ली’ असं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना ‘सोलो’ म्हणजे एकट्यानं आलेल्यांसाठी की काय, असा घोळ होतो. त्याचा अर्थ एवढाच, की साइडकार नसलेली गाडी. मागे कुणी बसलेलं असलं तरी काही बिघडत नाही. बऱ्याचदा एकाच खांबावर दोन पाट्या असतात, एकीवर डावीकडचा बाण आणि दुसरीवर उजवीकडचा. एका बाजूला रहिवाशांच्या परवान्याची जागा, दुसऱ्या बाजूला दुचाकींची. मधे रस्त्यावर एक पांढरी रेघ असते. तुमची गाडी त्या रेघेच्या आत पूर्ण बसली पाहिजे. गर्दीच्या वेळी शेवटच्या गाडीला चिकटून अर्धं चाक रेघेबाहेर ठेवायचा मोह होतो, पण खुणेच्या आत नीट न लावल्याचा वेगळा दंड आहे आणि तो दुचाकींनाही बसतो.

दुचाकीच्या जागेला पैसे लागतात की नाही, हे प्रत्येक काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, आपापलं ठरवतं. लंडनमध्ये बत्तीस बरो (आपापली काउन्सिल असलेले शहराचे विभाग) आणि त्यांच्या मध्यभागी सिटी ऑफ लंडन, म्हणजे तेहेतीस ठिकाणचे नियम. रस्त्याच्या या बाजूला फुकट आणि पलीकडच्या बरोत पैसे, असं सहज होतं. रहिवाशांच्या जागेत दुचाकीला परवाना लागतो का, तेही बरोगणिक बदलतं. ऑफिसातला सहकारी ‘बाइकला काही लागत नाही’ म्हणाला म्हणून विसंबू नका. तो त्याच्या बरोबद्दल बोलत असतो. पैसे लागत असतील तर फोनवरच्या ॲपनं भरा. मशीनची कागदी पावती दुचाकीवर टिकत नाही, वाऱ्यानं उडते नाहीतर कुणीतरी उचलतं. कागदी पावतीच घ्यावी लागली तर ती गाडीवर लावून, नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढून ठेवा.

पिवळ्या रेघांचं गणित साधं आहे. दोन रेघा असतील तर तिथं गाडी कधीच लावायची नाही. एक रेघ असेल तर जवळच्या पाटीवरची वेळ बघायची. ती पाटी दिसत नसेल तर रेघ सैल आहे असं समजू नका. तुम्ही ‘कंट्रोल्ड पार्किंग झोन’मध्ये असाल, तर त्या भागात शिरताना लागलेल्या मोठ्या पाटीवरची वेळ आतल्या सगळ्या एकेरी रेघांना लागू असते. रविवार किंवा बँक हॉलिडे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. लंडनमधल्या मोठ्या रस्त्यांवर लाल रेघा दिसतात. दुहेरी लाल रेघेवर नुसतं थांबायचंही नाही. फुटपाथची कड जिथं गाड्या आत नेण्यासाठी उतरती केलेली असते, ती जागा कितीही रिकामी दिसली तरी सोडा. चौकापासून १० मीटरच्या आतही लावू नका.

फुटपाथबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपली जुनी सवय इथंच नडते. लंडनमध्ये १९७४च्या कायद्यानुसार फुटपाथवर गाडी लावायला बंदी आहे, आणि ‘गाडी’मध्ये मोटरसायकल आली. एक चाक वर असलं तरी दंड होतो. काउन्सिलनं पाटी लावून परवानगी दिलेले मोजके रस्ते सोडले, तर याला सहसा अपवाद नाही. दुकानापुढची फरशी खासगी वाटते, पण पुष्कळदा तीही सार्वजनिक वाटेचाच भाग असते. सायकलींच्या स्टँडला मोटरसायकल बांधलेली मी रोज बघतो, आणि तिच्यावर चिकटवलेली नोटीसही बघतो. स्कॉटलंडमध्ये २०१९च्या कायद्यानं फुटपाथवर पार्किंग बंद केलं, आणि तिथल्या काउन्सिलांनी डिसेंबर २०२३पासून दंड करायला सुरुवात केली. दंड १०० पौंड, १४ दिवसांत भरला तर ५०. मला हा नियम मनापासून पटतो. आमच्या गल्लीत एक आजोबा पांढरी काठी घेऊन फिरतात. वाटेत आडवी गाडी आली की त्यांना रहदारीच्या रस्त्यावर उतरावं लागतं.

आता लॉगबुक. यावर मी सगळ्यात जास्त भर देतो, कारण इथं मी स्वतः फसलो होतो. इथं येऊन पहिल्या दोन वर्षांत आपण सगळे घरं बदलतो. मीही बदललं, आणि डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, नवा पत्ता कळवला नाही. तेवढ्यात एका काउन्सिलनं माझ्या गाडीवर नोटीस लावली होती. ती पावसात भिजून पडली की कुणी काढली, देव जाणे, मला दिसलीच नाही. पुढची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली. दंड वाढला, मग वसुलीचा आदेश निघाला, आणि एका सकाळी नव्या घराच्या दारात वसुली एजंटचा कागद पडलेला होता. हातापायातलं बळ गेलं. देशात नवीन, व्हिसाची धास्ती, आणि आपण काय गुन्हा केला तेच माहीत नाही. (पार्किंगचा असा दंड हा दिवाणी मामला असतो, फौजदारी गुन्हा नव्हे. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.) शेवटी टीई ७ आणि टीई ९ हे दोन फॉर्म भरून ‘मला पत्रं मिळालीच नाहीत’ असं शपथेवर कळवलं, तेव्हा प्रकरण पुन्हा आधीच्या टप्प्यावर आलं आणि मी मूळ दंड भरून मोकळा झालो.

म्हणून सामान हलवाल त्याच आठवड्यात लॉगबुकावरचा पत्ता बदला. ऑनलाइन होतो, पैसे पडत नाहीत. न बदलल्यास १,००० पौंडांपर्यंत वेगळा दंड होऊ शकतो. लायसन्सवरचा पत्ता बदलला म्हणजे लॉगबुकावरचा बदलत नाही, दोन्ही निरनिराळे कळवावे लागतात. जुनी गाडी विकत घेताना आणखी एक बघा: ऑक्टोबर २०१४पासून आधीच्या मालकाचा रोड टॅक्स नव्या मालकाकडे येत नाही. टॅक्स आणि विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी ठेवणंही बेकायदा आहे, मग ती चालवा किंवा न चालवा.

नोटीस मिळालीच तर आधी ती कुणी दिली ते वाचा. काउन्सिलची असते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. खासगी कंपनीची असते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’, उदाहरणार्थ सुपरमार्केटच्या आवारातली. आद्याक्षरं तीच, दिसायलाही सारखी, पण दुसरी म्हणजे सरकारी दंड नव्हे, ती कराराची मागणी असते. तिच्याकडेही दुर्लक्ष करू नका, कारण कंपनी दिवाणी कोर्टात जाऊ शकते. काउन्सिलची नोटीस १४ दिवसांत भरली तर निम्मे पैसे लागतात. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये मोठा दंड बहुतेक ठिकाणी ७० पौंड असतो, म्हणजे वेळेत ३५. नोटीस चुकीची वाटत असेल तर त्याच १४ दिवसांत लेखी हरकत घ्या. हरकत फेटाळली तरी काउन्सिल सहसा निम्म्या रकमेची मुदत पुन्हा देतं. त्यानंतरही पटत नसेल तर मालकाला येणाऱ्या ‘नोटीस टू ओनर’ला उत्तर द्यायचं, आणि ते उत्तरही नाकारलं गेलं की स्वतंत्र ट्रायब्युनलकडे जायचं. तिथं अपिलाची फी नाही. पाटी झाडाच्या फांदीआड असेल, रेघ पुसली गेली असेल, तर त्याच दिवशी फोटो काढा, महिन्याभरानं काढलेल्या फोटोला कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या जागेत भरलेली वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत आहे, पण ती पिवळ्या रेघेला लागू नाही.

आणि सुट्टीवर घरी जाताना गाडी रस्त्यावरच्या जागेत तीन-चार आठवडे सोडून जाऊ नका. रस्त्याच्या कामासाठी किंवा कुणाच्या सामानाच्या ट्रकसाठी काउन्सिल ती जागा ‘सस्पेंड’ करतं, खांबावर पिवळी पाटी लावतं, आणि त्या तारखेला गाडी तिथं दिसली तर उचलून नेतं. तुम्ही विमानात असताना लागलेली पाटी तुम्हाला कोण वाचून दाखवणार? मित्राला किल्ली द्या आणि दोन-तीन दिवसांआड एक चक्कर मारायला सांगा.

आता चोरीकडे. इथले चोर बहुतेकदा गाडी चालवत नेत नाहीत. लाथ मारून हँडल लॉक तोडतात आणि ढकलत नेतात, किंवा दोघे-तिघे मिळून उचलून व्हॅनमध्ये टाकतात. त्यामुळे नुसतं हँडल लॉक पुरत नाही, आणि नुसतं डिस्क लॉक उचलून नेण्याला अडवत नाही. गाडी जमिनीत पक्क्या बसवलेल्या कशाला तरी बांधली पाहिजे. बऱ्याच दुचाकींच्या जागांत पोलादी दांडा किंवा कड्या असतात. रोज लावायची जागा निवडताना मी आधी तेच बघतो, दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल. रेलिंगला किंवा दिव्याच्या खांबाला मात्र बांधू नका.

साखळी पुढच्या चाकातून नको, चाक सोडून बाकीची गाडी नेता येते. ती मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, आतून घ्या, आणि ताणून लावा. सैल साखळी जमिनीवर लोळत असेल तर तिच्यावर घण मारता येतो किंवा कटरची एक मूठ जमिनीवर टेकवून सगळं वजन दुसरीवर टाकता येतं. कुलूप हवेत, हात घालायला अवघड जागी लटकलं पाहिजे. विकत घेताना ‘सोल्ड सिक्युअर’चा शिक्का बघा. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळ्यात वर डायमंड अशा पायऱ्या आहेत. साखळीची कडी १६ मिलिमीटर जाड असेल तर हाताच्या बोल्ट कटरला ती दाद देत नाही. बॅटरीच्या ग्राइंडरपुढे साधी पोलादी साखळी टिकत नाही, त्याला तोंड देणारी खास कुलपं आता मिळतात. महाग आहेत, पण गाडी रोज रस्त्यावर झोपणार असेल तर मी तीच घ्या म्हणेन. साखळी खांद्यावर किंवा कमरेला गुंडाळून चालवू नका, पडलात तर तीच बरगड्या मोडेल. मागच्या पेटीत ठेवा.

वर साधं कव्हर टाका. कुठली गाडी आहे ते कळत नाही, आणि ते काढण्यात चोराचा वेळ जातो.

लावताना गाडी उलटी आत घ्या, मागचं चाक कडेच्या दगडाला टेकवून. रस्ता कडेकडे उतरता असतो, तोंड आत घातलंत तर निघताना ती चढावर मागे ओढावी लागते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि साइड स्टँड आत रुततो. स्टँडखाली ठेवायची एक चकती खिशात असू द्या, एक गाडी पडली की ओळीतल्या चार पडतात.

कधी आलात आणि गाडी जागेवर नसली, तर चोरीची तक्रार करण्याआधी ती उचलून नेली आहे का ते बघा. लंडनमध्ये त्यासाठी ‘ट्रेस’ नावाची चोवीस तास चालणारी सेवा आहे, नंबर सांगितला की कुठल्या आवारात आहे ते कळतं. तिथं नसेल तर १०१ वर पोलिसांना कळवा, क्राइम रेफरन्स नंबर घ्या आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा. रात्री गाडी कुठं असते आणि कुठलं कुलूप लावता हे पॉलिसीत खरं लिहिलेलं असावं. कुलपाची खरेदीची पावती ते मागतात, आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली आजच शोधून ठेवा, आणि ती गाडीच्या सीटखाली ठेवू नका.