इंग्रजीतले घोडे: या चुका टाळा

एका शाळेला एका कंपनीने वापरलेले वीस संगणक दिले. आभाराचं भाषण इंग्रजीत करायचं होतं आणि ते काम माझ्या वर्गात येणाऱ्या एका शिक्षिकेकडे आलं. तिने मनापासून तयारी केली. शेवटी एक भारदस्त वाक्य हवं म्हणून मोबाइलवर आलेल्या 'शंभर वाक्प्रचार एका तासात' अशा यादीतून एक उचललं: 'वी नेव्हर लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ.' यादीत त्यापुढे अर्थ दिला होता, 'भेट आनंदाने स्वीकारावी'. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. वाक्य पूर्ण झालं आणि कंपनीकडून आलेल्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळताना मला स्पष्ट दिसलं. भर सभेत ती त्यांना म्हणून गेली होती, 'फुकटात मिळालंय, तेव्हा खोट काढत नाही.'

आपल्याकडे नेमकी हीच म्हण आहे: धर्माची गाय आणि दात का नाय? गाय देणाऱ्याच्या तोंडावर हे कोणी म्हणेल का? मराठीत जी चूक आपल्या हातून स्वप्नातही होणार नाही, ती इंग्रजीत होते, कारण यादी फक्त अर्थ देते. कोणी कोणाला म्हणायचं, हे सांगत नाही. हे वाक्य भेट घेणाऱ्याने देणाऱ्याला म्हणायचं नसतंच. घरात आल्यावर कुरकुरणाऱ्या मुलाला म्हणायचं.

त्यातलं तोंड कशासाठी, हे सारंगखेड्याच्या यात्रेत उभं राहिलं की क्षणात कळतं. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचा रंग, चाल बघतं, आणि मग अंगठ्याने त्याचा ओठ वर करून दातांकडे बघतं. पुढच्या कायमच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे दातांवरचे खळगे झिजतात, दात पुढे झुकतात, हिरडी मागे सरकते आणि दात लांब दिसायला लागतात. वय लपवता येत नाही. म्हणून फुकट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडायचं नाही. ही म्हण फार जुनी. संत जेरोमने इ. स. 400 च्या सुमारास लॅटिनमध्ये ती लोकांच्या तोंडची म्हणून नोंदवली आणि जॉन हेवूडच्या 1546 च्या म्हणसंग्रहात ती इंग्रजीत सापडते. 'लाँग इन द टूथ' म्हणजे वय झालेला, हा वाक्प्रचारही त्याच लांब दातांवरून आला. निवृत्तीच्या समारंभात साहेबांबद्दल तो चुकूनही वापरू नका.

मी स्वतः वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढे 'अरे' किंवा 'अहो' लिहिते. ही सवय मी वर्गात सगळ्यांना लावते. इंग्रजीत 'यू' एकच असल्यामुळे आपल्याला वाटतं, तिथे सगळं सगळ्यांना चालतं. तसं नाही. 'होल्ड युअर हॉर्सेस' हे पक्कं अरे-तुरेतलं वाक्य आहे. पुण्यातल्या एका तरुण इंजिनिअरने परदेशातल्या गिऱ्हाइकाला मीटिंगमध्ये ते ऐकवलं. त्याला म्हणायचं होतं, 'जरा थांबता का, मी आकडे दाखवतो.' समोरच्याला ऐकू आलं, 'अरे, दम धर की!' मित्राला, धाकट्या भावाला, उतावळ्या सहकाऱ्याला म्हणा. गिऱ्हाइकाला साधं 'वन मोमेंट, प्लीज' म्हणावं. साधं बोलण्यात काही कमीपणा नाही, हे नवशिक्यांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिल्या महिन्यातच त्यांना भाषेला फोडणी द्यायची घाई असते. डाळ शिजलेली नसते.

'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' याचीही तीच कथा. ज्याची गोष्ट त्याच्याकडूनच कळलेली बातमी, हा अर्थ. शर्यतींच्या जगातून आलेला शब्द: घोड्याच्या तयारीची खरी खबर घोड्याइतकी कोणाला असणार! शेजारच्या टेबलावरून कानावर आलेल्या बातमीला हे लावू नका. आणि ज्यांनी बातमी दिली त्यांच्याच समोर तर मुळीच नको.

आता माझी सगळ्यात दुखरी जागा: 'फ्री रेन'. हा रेन म्हणजे लगामाचा पट्टा. स्पेलिंग आर, ई, आय, एन. यात जी नाही. जी घातला की तो राजाचा रेन होतो, म्हणजे राज्य, कारकीर्द. दोन्हींचा उच्चार एक, दोन्ही शब्द खरे, त्यामुळे संगणक बऱ्याचदा खाली लाल रेघही ओढत नाही. नोकरीचे अर्ज, अहवाल, संस्थांची पत्रकं यांत ही चूक मी इतक्यांदा लाल केली आहे की लाल पेन हातात घेतलं की डोळे आधी तोच शब्द शोधतात. एका मुलीने अर्जात लिहिलं होतं की आधीच्या साहेबांनी तिला 'फ्री रेन' दिला, राजाच्या स्पेलिंगने. तिचं काम उत्तम होतं, पत्र नेटकं होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी तोच शब्द वर्तुळात घेऊन तिच्यासमोर ठेवला आणि पुढची दहा मिनिटं ती त्या वर्तुळाकडेच बघत बसली. ते पत्र आधी माझ्या हातात आलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

यावर माझा उपाय हाताचा आहे. मूठ छातीशी आवळून धरा, जणू लगाम ओढलाय. हे 'रेन इन': खर्चाला, रागाला, जिभेला लगाम घालणं. आता मूठ पुढे नेऊन सैल सोडा, घोडा मान लांब करून आपल्या मनाने चालेल. हे 'फ्री रेन'. हात आठवला की राजा मध्ये येत नाही. मराठी करताना 'मोकळं रान मिळालं' असं करू नका, त्यात मोकाटपणाचा वास येतो. 'मोकळीक दिली' हे बरोबर.

'डार्क हॉर्स' म्हणजे काळा घोडा नव्हे. मुंबईचा काळा घोडा वेगळा. तो राजपुत्र एडवर्डच्या पुतळ्यातला, 1965 मध्ये राणीच्या बागेत हलवलेला. आज चौकात उभा आहे तो स्वाररहित घोडा 2017 चा. वाक्प्रचारातला 'डार्क' रंगाचा नाही, अंधारातला आहे: ज्याच्याबद्दल कोणाला काहीच माहीत नव्हतं आणि ज्याने बाजी मारली. 1831 मध्ये ब्रिटिश लेखक डिझरेलीच्या कादंबरीत असा घोडा शर्यत जिंकतो. पुढे अमेरिकेत 1844 साली जेम्स पोक यांना अनपेक्षितपणे उमेदवारी मिळाली, ते राष्ट्राध्यक्षही झाले, आणि राजकारणातला 'डार्क हॉर्स' म्हणून आजही त्यांचंच नाव आधी घेतात. सगळ्यांना ठाऊक असलेला गुणी खेळाडू डार्क हॉर्स होत नाही. कपटी माणूसही नाही.

'हॉर्सेस फॉर कोर्सेस' म्हणजे ज्याला जे जमतं ते काम त्याला देणं. यातला कोर्स महालक्ष्मीच्या रेसकोर्समधला. प्रवेशाच्या कोर्सशी त्याचा संबंध नाही.

'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स' निष्फळ झालेल्या विषयाबद्दल म्हणायचं. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथे नको. अमेरिकेत 'फ्लॉग' ऐवजी 'बीट' म्हणतात.

'चेंज हॉर्सेस इन मिडस्ट्रीम': काम अर्ध्यावर असताना माणूस किंवा बेत बदलणं. लिंकनने 1864 मध्ये, युद्ध चालू असताना, दुसऱ्यांदा उमेदवारी मिळाल्यावर हीच उपमा वापरली. नोकरी बदलली, घर बदललं, तर हे लागत नाही. मध्ये नदी हवी.

उलट्या दिशेनेही चुका होतात. 'वरातीमागून घोडं' याचं भाषांतर अनेक जण 'कार्ट बिफोर द हॉर्स' असं करतात, कारण दोन्हींत घोडा जागेवर नाही. पण वरातीमागचं घोडं उशिरा आलेलं असतं, आणि गाडीच्या मागे जुंपलेला घोडा म्हणजे कामाचा क्रम उलटा, आपलं 'आधी कळस मग पाया'. उशिरासाठी इंग्रजीत तबेल्याचं दार आहे: घोडा पळाल्यावर कडी लावणं. तेही तंतोतंत जुळत नाही, कारण तिथे काहीतरी हातचं गेलेलं असावं लागतं. लग्नानंतर पोचलेल्या आहेराला तबेल्याचं दार चालणार नाही, चोरीनंतर बसवलेल्या कॅमेऱ्याला चालेल. आणि 'घोडं गंगेत न्हालं', 'इथेच घोडं पेंड खातं', 'कागदी घोडे नाचवणं' यांचं शब्दशः इंग्रजी कृपा करून करू नका. ती आपल्याच अंगणात शोभतात.

'गेट ऑफ युअर हाय हॉर्स' म्हणजे तोरा सोड. आपल्या हरभऱ्याच्या झाडाशी त्याची गल्लत करतात. झाडावर दुसरे चढवतात, या घोड्यावर माणूस स्वतःच चढलेला असतो. वहीत यापुढे मोठ्या अक्षरात 'अरे'.

घसा बसला की लिहायचा 'होर्स' वेगळा, त्याच्या स्पेलिंगमध्ये ओ नंतर ए येतो. परवाच एका पालकांनी शाळेला चिठ्ठी लिहिली होती की मुलाचा आवाज घोडा झाला आहे, दोन दिवस त्याला कविता म्हणायला लावू नये. मी तो एक ए घालून दिला आणि चिठ्ठी तशीच पाठवायला सांगितली, बाकी सगळं बरोबर होतं.