पहिलं रिकर्व्ह धनुष्य: पाउंड कमीच ठेवा

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, घेण्याआधी ओढ, म्हणजे दोरी किती मागे खेचता ते, मोजा. हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत घ्या, २.५ ने भागा. ६८ इंच आलं तर ओढ साधारण २७. एवढ्या ओढीला ६८ इंची धनुष्य चालतं. २६ च्या आत ६६, २८ च्या पुढे ७०.

लिम्बवर, म्हणजे वरखालच्या लवचिक पात्यांवर लिहिलेले पाउंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीचे असतात. इंचामागे साधारण २ पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे २६ इंच ओढणाऱ्याला २४ चं धनुष्य २० च्या आसपासच जाणवतं. मोठ्या माणसाने १८ ते २४ वर सुरुवात करावी. जड घेतलं की दोरी हनुवटीला टेकण्याआधीच खांदा वर चढतो, नेम धरताना हात थरथरतो, आणि ही खोड नंतर सुटता सुटत नाही. त्यापेक्षा आयएलएफ (लिम्ब बसवण्याची प्रमाणित पद्धत) जोडणीचं सुटं धनुष्य घ्या. ताकद वाढली की रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, तोच, फक्त लिम्ब बदलायच्या.

शिकारीसाठीचं ४५ पाउंडी धनुष्य नकोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बोल्ट लवकर गंजतात. सरावानंतर दोरी उतरवून ते कोरडे पुसा. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका, लिम्ब तडकते.