फाइल बदलली, पण सर्व्हिस सुरू झाली नाही: पाथ युनिटमधील दोष कसा शोधावा

फोल्डरमध्ये फाइल येताच पार्श्वभूमीवरील सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी, यासाठी लिनक्सवर सिस्टमडीचे (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाचे) पाथ युनिट, म्हणजे एखाद्या फाइलवर किंवा फोल्डरवर पाळत ठेवणारी मांडणी, वापरतात. ते काही अडले तरी सहसा तक्रार करत नाही. म्हणून दोष पाळतीत आहे की सर्व्हिसमध्ये, हे आधी ठरवावे. त्यासाठी सर्व्हिस हाताने सुरू करून पाहावी. ती तशीही चालत नसेल, तर पाथ युनिटमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने सर्व्हिसच्या नोंदी वाचाव्यात.

सर्व्हिस हाताने चालत असेल, तर सिस्टमसीटीएल या सिस्टमडीच्या नियंत्रण कमांडने पाथ युनिटची स्थिती तपासावी. युनिट नुसते इनेबल केले असल्यास ते पुढच्या बूटलाच सुरू होते, त्यामुळे ते स्टार्टही करावे लागते. युनिटच्या फाइलमध्ये बदल केल्यावर ती सिस्टमडीला पुन्हा वाचायला लावणारे डेमन-रीलोडही विसरू नये. सर्व्हिस स्वतंत्रपणे इनेबल करण्याची मात्र गरज नसते.

स्थितीतील एका शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. पाळत चालू असताना तिथे ‘वेटिंग’ दिसते आणि सर्व्हिस चालू असताना ‘रनिंग’. काम संपून बराच वेळ झाला तरी ‘रनिंग’च दिसत असेल, तर सिस्टमडीच्या लेखी सर्व्हिस अजून संपलेली नाही, आणि चालू सर्व्हिस पुन्हा सुरू केली जात नाही. वनशॉट प्रकारच्या (एकदाच काम करून संपणाऱ्या) सर्व्हिसमध्ये कोणीतरी सवयीने लिहिलेले ‘रिमेनआफ्टरएक्झिट’, म्हणजे काम संपल्यावरही सर्व्हिस चालू मानण्याची सूचना, हे याचे नेहमीचे कारण. ती ओळ काढून सर्व्हिस एकदा थांबवली की पाळत पूर्ववत होते.

पाथ युनिटमधील ‘पाथएक्झिस्ट्स’ (फाइल अस्तित्वात असणे) आणि ‘डिरेक्टरीनॉटएम्प्टी’ (फोल्डर रिकामे नसणे) या अटींचा दोष नेमका उलटा असतो. सर्व्हिस संपताच ही अट पुन्हा तपासली जाते, त्यामुळे हाताळलेली फाइल जागेवरच राहिली तर सर्व्हिस पुन्हा पुन्हा सुरू होते आणि 10 सेकंदांत 5 वेळा ही मूळ मर्यादा ओलांडल्यावर पाथ युनिटही ‘फेल्ड’ होते. मर्यादा वाढवण्याचा मोह टाळावा. काम झालेली फाइल हलवणे किंवा काढून टाकणे हे सर्व्हिसचेच काम आहे. त्यानंतर रीसेट-फेल्ड कमांडने ‘फेल्ड’ स्थिती पुसून युनिट पुन्हा सुरू करावे.

सर्व्हिसला अर्धवट फाइल मिळत असेल, तर ‘पाथमॉडिफाइड’ या अटीऐवजी ‘पाथचेंज्ड’ वापरून पाहावे, कारण पहिले प्रत्येक लिखाणावर जागे होते, तर दुसरे लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यावर. तरीही नवी फाइल तयार होण्याची घटना ‘पाथचेंज्ड’लाही दिसतेच, म्हणून त्याच फाइल सिस्टमवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल पूर्ण लिहून मग नाव बदलून आत आणणे अधिक सुरक्षित.

एवढे करूनही काहीच घडत नसेल, तर फोल्डर कुठे आहे ते पाहावे. ही पाळत कर्नलमधील आयनोटिफाय या फाइल-बदल कळवणाऱ्या सुविधेवर चालते आणि तिला एनएफएसवर (नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या फाइल सिस्टमवर) दुसऱ्या यंत्राने केलेले बदल कळत नाहीत. उपफोल्डरांच्या आतले बदलही पाथ युनिटला दिसत नाहीत. उपफोल्डरांसाठी वेगळ्या ओळी लिहिता येतात, पण एनएफएससाठी सिस्टमडीचे टायमर युनिट लावून ठरावीक वेळाने फोल्डर तपासणे हाच भरवशाचा मार्ग आहे.