शिमग्याला व्यालेल्या शेळीची करडं कशी जगवायची

दसऱ्याच्या आगेमागे लागलेली शेळी शिमग्याला विते. गाभण काळ साधारण १५० दिवसांचा, त्यामुळे हिशेब फारसा चुकत नाही. पंचाईत अशी की आमच्या सोलापूरकडच्या मोहोळ भागात तेव्हाच ज्वारीची काढणी जोरात असते. घरातली सगळी माणसं रानात कडबा बांधत असतात आणि शेळी नेमकी त्याच दुपारी गोठ्याचा कोपरा धरते. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे, म्हणून एका शेळीमागं दोन करडं आपण मनात मोजूनच ठेवतो. ती दोन्ही हाती लागावीत म्हणून काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

विण्याआधी

आठ दिवस आधी एक कोपरा झाडून घ्या, चुना भुरभुरा, वर कोरडं पाचट पसरा. एका डब्यात नवीन ब्लेड, जाड दोरा, सुती फडकं, टिंक्चर आयोडीन आणि बुचाची दुधाची बाटली ठेवा. ऐन वेळी ब्लेड शोधत दुकान गाठायची पाळी आमच्यावर आलेली आहे.

कास ताठरली, शेपटीच्या बाजूचा भाग खोल गेला, शेळी खुरानं जमीन उकरू लागली, सारखी ऊठबस करू लागली की त्या दिवशी तिला चरायला सोडू नका. पानमोट म्हणजे पाण्याची पिशवी फुटल्यावर आधी पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर हात लावायची गरज नाही. तासभर कळा देऊनही काही पुढं सरकत नसेल, तर गावातल्या जाणत्याला बोलवण्याआधी पशुवैद्यकाला फोन करा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.

पहिला तास

करडू पडलं की नाकातोंडातला चिकट पदार्थ बोटानं काढा. बाकीचं अंग आईला चाटू द्या. ती चाटत नसेल तर करडाच्या पाठीवर चिमूटभर मीठ चोळा, बहुतेक वेळा जमतं. बेंबीपासून दोन-तीन बोटं अंतर सोडून नाळ दोऱ्यानं बांधा, त्याखाली कापा आणि टोक आयोडीनमध्ये चांगलं बुडवा. नुसता थेंब लावून भागत नाही. बेंबीतून रोग आत शिरला की पुढं सांधे सुजतात आणि करडू लंगडायला लागतं.

आता चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं घट्ट दूध. इथंच घरोघरी चूक होते, आमच्याकडंही झाली. जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, अशी वडिलांच्या काळापासूनची चाल. एका वर्षी जार संध्याकाळपर्यंत पडली नाही आणि तोवर दोन्ही करडं उपाशी राहिली. मोठं तगलं, धाकटं तिसऱ्या दिवशी हगवणीनं गेलं. जन्मलेल्या करडाच्या अंगात रोगाशी लढायची स्वतःची ताकद जवळपास नसतेच, ती चिकातून मिळते. ती जशीच्या तशी रक्तात घ्यायची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होत जाते आणि पहिल्या दिवसानंतर संपल्यात जमा असते. उलट करडू सडाला लागलं की गर्भाशय आकसतं आणि जार पडायला मदतच होते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा, ओढू मात्र नका. पडली की पुरून टाका, नाहीतर कुत्री गोठ्याभोवती घुटमळतात.

पाजायच्या आधी प्रत्येक सडाच्या दोन धारा काढून टाका. सडाच्या तोंडाशी मेणासारखा डाट बसलेला असतो. करडू चोखून चोखून दमतं, त्याला काही मिळत नाही आणि पाहणाऱ्याला वाटतं, पितंय की! म्हणून पाच मिनिटांनी पोट चाचपून बघा, भरलेलं लागलं पाहिजे. दोन किलोच्या करडाला पहिल्या खेपेला १०० मिली आणि दिवसभरात मिळून निदान २०० मिली चीक हवा.

करडू मलूल असेल तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी गोणपाटात गुंडाळून ऊब द्या, मग पाजा. बाटलीनं पाजताना त्याला उभं ठेवा, मान आईला पिताना असते तेवढीच वर. लहान पोरासारखं मांडीवर उताणं घेतलं तर दूध फुप्फुसात जातं.

पुढचे तीन महिने

शेळी चरायला गेली की करडं डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, पण डालगं सावलीत हवं आणि ऊन फिरलं की तेही फिरवायला हवं. चैत्र लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपरावर पाचट टाकून त्यावर पाणी मारा.

दोन आठवड्यांनी करडं पाल्याला तोंड लावतात. सुबाभूळ, शेवरी किंवा हादग्याची जुडी त्यांच्या नाकाच्या जरा वर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला ती तुडवतात, त्यावर मुततात आणि मग खात नाहीत. टांगलेल्या जुडीला मात्र पुढचे पाय उचलून भिडतात. माती चाटत असतील तर खनिज विटेचं चाटण ठेवा. काढणी झालेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवे कोंब फुटलेले असतात, तिकडं करडं काय आणि मोठी जनावरं काय, फिरकू देऊ नका. त्या कोंबांत विष असतं.

रक्ताची हगवण दिसली तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. तीन महिन्यांची झाली की पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) यांची लस. आंत्रविषाराची मात्रा पंधरवड्यानं परत द्यावी लागते, ती बरेच जण विसरतात.

याच सुमारास दूध हळूहळू तोडा आणि चौथ्या महिन्यात बोकड वेगळे बांधा. दिसायला पोरकट असले तरी त्यांचे उद्योग सुरू झालेले असतात. एकत्र राहिले तर अंगानं न भरलेली पाट, म्हणजे कोवळी मादी, दसऱ्यालाच लागते.