साताऱ्यातील प्राचीन स्थळे खरोखरच एका रेषेत आहेत का, हे कसे तपासावे

एखादा गड, एखादे शिवालय आणि एखादे लेणे नकाशावर एकाच सरळ रेषेत आले की, प्राचीन लोकांनी ती स्थळे पृथ्वीच्या ऊर्जाप्रवाहावर ठरवून वसवली, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. असा दावा समोर आला तर तो घरबसल्या तपासता येतो.

या विचाराचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. हेरफोर्डचे व्यापारी आणि छायाचित्रकार आल्फ्रेड वॉटकिन्स यांना १९२१ मध्ये टेकाडे, उभे दगड आणि जुनी चर्च एका ओळीत असल्याचे जाणवले व त्यांनी अशा ओळींना ‘ले’ हे नाव दिले. त्यांच्या मते त्या जुन्या वाटा होत्या. ऊर्जेची कल्पना या ओळींना १९६० च्या दशकात जोडली गेली. पुरातत्त्वज्ञांचा मोठा आक्षेप असा की, या ओळींत हजारो वर्षांच्या अंतराने झालेल्या वास्तू एकत्र ओवलेल्या असतात.

म्हणून रेषा काढण्यापूर्वीच यादी ठरवावी. कराडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी, सज्जनगडावरील सतराव्या शतकातील समाधी आणि मेणवलीचा अठराव्या शतकातील वाडा एकाच यादीत घालू नयेत. एक प्रकार आणि एक कालखंड निवडावा, त्या प्रकारातील सर्व स्थळे घ्यावीत, आणि रेषेबाहेर पडलेले स्थळ नंतर वगळू नये.

त्यानंतर, रेषेपासून किती दूरचे स्थळ रेषेवरच धरायचे, म्हणजे पट्ट्याची रुंदी, ठरवावी. केदारनाथ ते रामेश्वरम ही शिवमंदिरे एकाच रेखांशावर आहेत असे सांगितले जाते; पण केदारनाथ सुमारे ७९.०७ अंशांवर, तर याच ओळीत धरले जाणारे तेलंगणातील काळेश्वरम सुमारे ७९.९ अंशांवर आहे. म्हणजे ही ‘रेषा’ प्रत्यक्षात ८० किलोमीटरहून रुंद पट्टा आहे, आणि एवढ्या रुंद पट्ट्यात बरेच काही बसते.

आता योगायोगाचा हिशेब मांडावा, कारण सारा वाद येथेच सुटतो. ५० किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौरसात ६० स्थळे कशीही विखुरली आहेत असे धरू. त्यांच्या १,७७० जोड्या होतात आणि जोडीतील सरासरी अंतर सुमारे २६ किलोमीटर येते. दोन स्थळांमधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंस १०० मीटर सूट दिली, तर २०० मीटर रुंदीच्या त्या पट्टीचे क्षेत्रफळ ५.२ चौरस किलोमीटर भरते. एकूण क्षेत्रफळ २,५०० चौरस किलोमीटर असल्याने उरलेल्या ५८ स्थळांपैकी सरासरी ०.१२ स्थळे एका पट्टीत पडतील. १,७७० जोड्यांचा विचार करता तीन स्थळांच्या दोनशेहून अधिक रेषा केवळ योगायोगाने मिळतात. चार स्थळांच्याही पंधराएक निघतात. सापडलेल्या रेषांची संख्या याहून स्पष्टपणे जास्त असेल, तरच पुढे विचार करावा. गणिताऐवजी एक्सेलमध्ये तितकेच यादृच्छिक बिंदू अनेकदा टाकून रेषा मोजल्या तरी चालेल, आणि मला हीच पद्धत अधिक खात्रीची वाटते.

संख्या जास्त भरली तरी थांबू नये, कारण आपल्याकडची भूमी स्वतःच ओळी आखते. वर्धनगड, सदाशिवगड आणि मच्छिंद्रगड हे महादेव डोंगररांगेच्या एकाच फाट्यावर आहेत. किल्ले बांधणाऱ्यांना उंची हवी होती आणि डोंगराने ती जिथे दिली तिथे ते उभे राहिले. माहुली, कराड आणि हरिपूर ही तीर्थे कृष्णेला अनुक्रमे वेण्णा, कोयना आणि वारणा मिळतात तेथे आहेत. त्यामुळे यादृच्छिक बिंदू टाकताना गडांसाठी ते फक्त डोंगरमाथ्यांवर आणि तीर्थांसाठी फक्त नदीकाठी टाकावेत. पाणी, माथा, घाटवाट अशी ठोस कारणे ऊर्जेच्या नावाखाली झाकली गेली, तर जागा निवडणाऱ्यांच्या जाणतेपणावर अन्याय होतो, असे माझे ठाम मत आहे.

अखेरीस प्रत्यक्ष जागेवर जाऊन, एका स्थळावरून दुसरे दिसते का, हे पाहावे. अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर आणि चंदन-वंदन दिसतात. संदेश आणि टेहळणी यांसाठी ही परस्पर दृश्यता उपयोगी होती, आणि ती तपासायला रेषा सरळ असण्याची गरज नसते. निरीक्षण लिहिताना दिसलेल्या स्थळांबरोबर न दिसलेल्या स्थळांचीही नोंद करावी.