दान्ते आणि वानरराज: तुलना करताना या चुका टाळा

इटालियन कवी दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी' (नरकातून स्वर्गापर्यंतचा प्रवास) आणि चिनी कादंबरी 'पश्चिमेची यात्रा' (बुद्धाचे ग्रंथ आणायला निघालेला भिक्षू आणि त्याचा सोबती वानरराज) ही जोडी तौलनिक साहित्याच्या निबंधांत वारंवार भेटते. शिकागो विद्यापीठाचे अँथनी यू यांनी १९७७ ते १९८३ मध्ये ही कादंबरी चार खंडांत संपूर्ण इंग्रजीत आणली, दोन्ही यात्रांची तुलनाही केली. वाट रुळली, पण खड्डे तेच राहिले.

पहिला मोह आकड्यांचा. दान्तेचे सर्ग १००, कादंबरीची प्रकरणंही १००. यातून काहीच सिद्ध होत नाही. कादंबरीत वजन आहे ते यात्रेकरूंना सोसाव्या लागणाऱ्या ८१ संकटांना. ८० भरली, एक कमी पडतंय म्हटल्यावर परतीच्या वाटेवर यात्रेकरूंना पुन्हा पाण्यात बुडवलं जातं!

कादंबरीतला भिक्षू म्हणजे इतिहासातला युआन श्वांग नव्हे. महाराष्ट्र आणि पुलकेशीबद्दल लिहिणारा, ६४५ साली मायदेशी परतलेला तो विद्वान वेगळा. १५९२ च्या छापील आवृत्तीतला भिक्षू भित्रा, रडका आणि हलक्या कानाचा आहे.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे विनोद दिसला की धर्म संपला असं धरून चालणं. बुद्धाच्या दारी पोचल्यावर त्याचे शिष्य आनंद आणि काश्यप ग्रंथांच्या बदल्यात भेट मागतात. ती मिळत नाही, म्हणून कोऱ्या पोथ्या गळ्यात मारतात. वानर तक्रार घेऊन जातो, तर बुद्ध हसतो: खऱ्या पोथ्या कोऱ्याच, पण तुमच्याकडच्या लोकांना त्या उमगायच्या नाहीत. शेवटी भिक्षापात्र देऊन अक्षरांच्या पोथ्या मिळतात. याला नुसतं धर्मावरचं व्यंग म्हटलं की शून्यतेची, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं सत्त्व नाही ही बौद्ध शिकवण हातातून निसटते. ती या लाचखोरीतच बसवलेली आहे. आणि दान्ते तरी कुठे सदा गंभीर? त्याच्या नरकात एक सैतान पार्श्वभागाचा कर्णा वाजवतो. निबंधांत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

'पाप' हा रकाना दोन्हीकडे भरायचा हट्टही नको. भिक्षूला भोगावं लागतं ते मागच्या जन्मी बुद्धाच्या प्रवचनाकडे दुर्लक्ष केलं म्हणून. ख्रिस्ती पापक्षमेचा हिशोब इथे लागत नाही. कादंबरीभर पसरलेल्या ताओवादी अंतर्किमयेला (अमरत्वासाठी शरीरातलीच शक्ती घडवण्याची चिनी साधना) दान्तेकडे जोड नाही, तर तो रकाना रिकामा ठेवा.

एवढं करूनही कादंबरीत धर्म सापडत नसेल, तर हातातली प्रत तपासा. आर्थर वेली यांचा १९४२ चा इंग्रजी अनुवाद 'मंकी' वाचायला झकास, पण संक्षिप्त. त्यात बहुतेक कविता गाळल्या आहेत, आणि किमयेची परिभाषा बरीचशी त्या कवितांतच आहे.