नव्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकण्याआधी

फॉरमॅट मारायची घाई करण्याआधी कंपनीने आधीच भरून दिलेल्या ॲप्समधलं नेमकं काय खुपतंय ते पाहा. अँटीव्हायरसची ट्रायल आणि दोन-चार गेम एवढंच असेल, तर ते अनइन्स्टॉल करा, स्टार्टअपची यादी छाटा आणि काही दिवस वापरा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. अशा आधीच टाकलेल्या सॉफ्टवेअरवरचा संशय मात्र निराधार नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश हे जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं आणि ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ज्यावरून ठरतं ते) बसवून सुरक्षित वेबसाइटमध्येही जाहिराती घुसवत होतं, हे 2015 मध्ये उघड झालं.

विंडोज पुन्हा टाकायचीच असेल तर फाइली साठण्याआधी टाका. पण त्याआधी स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकर, चार्जिंग तपासून घ्या. परत करायची वेळ आली तर मूळ अवस्थेतला लॅपटॉप बरा. लायसन्सची काळजी नको. विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की सहसा फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, त्यामुळे तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली की इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होते. सोबत ऑफिस असेल तर ते आधी आपल्या अकाउंटला जोडा. कंपनीची रिकव्हरी ड्राइव्हही आताच बनवा, पार्टिशन उडवल्यावर ती संधी गेली.

खरी अडचण ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा लागतो, त्यातलं सगळं पुसलं जातं. मॉडेल नंबर बघून वाय-फाय, टचपॅड आणि स्टोरेजचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. इंटेल प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (स्टोरेज हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि मग सेटअपला डिस्कच दिसत नाही. अशा वेळी एसएसडी खराब आहे असं समजू नका. ‘लोड ड्रायव्हर’ मधून आरएसटीचं (इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरचं) फोल्डर दाखवा. ते उलगडलेलं (एक्स्ट्रॅक्ट केलेलं) हवं, नुसती ईएक्सई फाइल तिथे चालत नाही. विंडोज 11 चा सेटअप इंटरनेटही मागतो. वाय-फाय नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, बहुधा चालतं.

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदलणार असाल तर बिटलॉकरची (डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) 48 अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

एवढं करूनही कंपनीचं एखादं ॲप पुन्हा उगवलं, तर चुकलं असं नाही. विंडोज 8 पासून फर्मवेअरलाच विंडोजमध्ये प्रोग्राम टाकायची मुभा आहे. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ते बंद करता येतं.